‘मालक’ समोर असताना

सांगली-मिरज आणि सीमेपलीकडे निपाणीपासून बागलकोटपर्यंतच्या पट्ट्यात धंदा करणाऱ्या बाया आपल्या कायमच्या माणसाला ‘मालक’ म्हणतात. गिऱ्हाईक वेगळं, मालक वेगळा. गिऱ्हाईक पैसे टाकून जातं. मालक जेवायला थांबतो, आजारपणात औषध आणतो, रुसतो, भांडतो, प्रसंगी हातही उचलतो. आणि याच पट्ट्यातली लग्नाची बाई नवऱ्याबद्दल बोलताना काय म्हणते? ‘मालक शेतावर गेलेत.’ ‘मालकांना विचारून सांगते.’ दोघींच्या तोंडी शब्द एकच. मी काही वर्षं एचआयव्ही चाचणी केंद्रात समुपदेशक होते. तेव्हा हा शब्द रोज कानांवर पडायचा. स्त्रियांसाठी आपण जो एचआयव्ही प्रतिबंध उभा केला तो या शब्दापाशी येऊन अडतो, हे मला तिथे बसूनच कळत गेलं.

पुरुष जिथे गिऱ्हाईक म्हणून येतो तिथे लागण कशी रोखायची हे आपण शिकलो, आणि ते शिकवलं संघटित झालेल्या बायांनी. तोच पुरुष जिथे मालक असतो तिथे मात्र आपण एकट्या बाईच्या हातात माहितीपत्रक आणि निरोधाचं पाकीट ठेवलं आणि बाजूला झालो. जे काम वस्तीने मिळून केलं ते घरात तिने एकटीने करावं, अशी आपली अपेक्षा आहे. ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. शिवाय ती चालत नाही, हे गेल्या तीस वर्षांत पुरेसं दिसलं आहे.

सांगलीत नेमकं काय झालं ते आधी नीट पाहायला हवं. १९९२च्या सुमारास मीना सेशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संग्राम’ या संस्थेचं काम सुरू केलं, तेव्हा एड्स म्हणजे मरण आणि ते पसरवणाऱ्या म्हणजे वेश्या, इतकंच लोकांना ठाऊक होतं. मुंबईच्या वेश्यावस्तीत त्या दशकात झालेल्या तपासण्यांमध्ये निम्म्याहून अधिक स्त्रियांना लागण झालेली आढळत होती. उपाय सुचत होते ते धाडी घालण्याचे, वस्त्या उठवण्याचे, सक्तीने रक्त तपासण्याचे. सांगलीत मात्र काम वस्तीतल्या बायांच्याच हाती दिलं गेलं. निरोध त्यांनीच वाटायचे, कुणाला किती लागतात याचा हिशोब त्यांनीच ठेवायचा, कुणाला अंगावरून पांढरं जातंय, कुणाला जखम झालीय, कुणाला दवाखान्यात न्यायचंय हे त्यांनीच बघायचं. १९९६मध्ये यातूनच वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘वॅम्प’, उभी राहिली. कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनीही १९९२मध्येच याच दिशेने सुरुवात केली होती.

यात निरोधापेक्षा मोठं काहीतरी होतं. एका बाईने निरोधाशिवाय गिऱ्हाईक नाकारलं तर ते शेजारच्या दारात जातं, हिचा धंदा बुडतो आणि हिचा शहाणपणा हिच्याच पोटावर येतो. पण सगळ्या गल्लीने मिळून नाकारलं तर गिऱ्हाइकाला दुसरं दार उरत नाही. नकाराची किंमत सगळ्यांनी वाटून घेतली की तो परवडतो. पोलिसांनी त्रास दिला तर चौकीवर एकीने जायचं नाही, पन्नासजणींनी जायचं. त्या एकजुटीचा कणा किती ताठ होता हे पुढे दिसलं. अमेरिकी मदतीसोबत ‘आम्ही वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत’ असं लिहून देण्याची अट आली, तेव्हा २००५मध्ये संग्रामने तो निधी नाकारला. ज्या बायांच्या जोरावर काम उभं आहे त्यांच्याविरुद्ध सही करायची नाही, इतका साधा तो निर्णय होता. आज देशभरच्या पाहण्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमधलं लागणीचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आहे. हे यश सरकारी कार्यक्रमाचं आहे, औषधांचं आहे, पण सगळ्यात आधी या बायांचं आहे.

आणि तरीही याच बायांशी बोलताना मालकाचा विषय निघाला की सूर बदलतो. रस्त्यावर, लॉजवर, कुठेही निरोधाशिवाय गिऱ्हाईक न घेणारी बाई मालकापुढे निरोध काढत नाही. निरोध म्हणजे धंदा. मालकापुढे निरोध काढायचा म्हणजे ‘तूही गिऱ्हाईकच’ असं त्याच्या तोंडावर म्हणायचं. त्याच्याशी असलेलं नातं हीच तिच्या आयुष्यातली धंद्याबाहेरची जागा असते. त्या जागेत तिला संरक्षण नको असतं असं नाही. तिथे ते मागणं म्हणजे नातं मोडणं, असं तिला वाटतं. माहिती तिला भरपूर असते, निरोध तर उशाशीच असतो. कमी पडतं ते तिसरंच काही.

आता चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या लग्नाच्या बाईकडे या. पुण्यात १९९०च्या दशकात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास झाला आणि १९९७मध्ये तो प्रसिद्ध झाला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये जवळपास निम्म्या बाधित निघाल्या, ही बातमी कुणाला नवी नव्हती. हादरवणारा आकडा दुसरा होता. ज्या स्त्रियांचा या व्यवसायाशी काही संबंध नव्हता, त्यांच्यातही १३.६ टक्के बाधित होत्या. त्यांतल्या बहुतेकींचा आयुष्यभरातला जोडीदार एकच होता. तो घरी होता. त्या वेळी भिंतीभिंतींवर लिहिलं होतं, जोडीदाराशी एकनिष्ठ राहा. या बाया एकनिष्ठच होत्या.

त्यानंतर धोरणाने काय केलं? धोक्याचे गट ठरवले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, मग ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर. पैसा थोडा असताना तो जिथे लागण जास्त तिथे घालावा, हे तर्कशुद्धच होतं, आणि २०१०नंतर देशातल्या नव्या लागणी चाळीस टक्क्यांहून अधिक घटल्या त्यात या तर्काचा मोठा वाटा आहे. मला तो मोडायचा नाही. पण या यादीत माणसाचा धोका तो काय करतो यावरून ठरतो. बायकोचा धोका ती काय करते यावर अवलंबूनच नसतो. तो तिच्या नवऱ्याच्या खात्यावर असतो. म्हणून ती कुठल्याच गटात बसत नाही. देशात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत, त्यांत शंभरातल्या चाळीसहून अधिक स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य कधीही ‘धोक्याच्या गटात’ मोडत नव्हत्या.

तिने निरोध मागावा, असं आपण म्हणतो. पण कोणत्या निमित्ताने? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदी देशभरात अर्धा टक्काही नाही. दोन लेकरं झाली की पंचविशीच्या आत-बाहेर बाईचं ऑपरेशन होतं, आणि त्या दिवसापासून तिच्याकडचं एकमेव सभ्य कारण संपतं. ‘दिवस राहतील’ असं म्हणून निरोध मागता येत होता. ऑपरेशननंतर मागितला तर त्याचा अर्थ एकच होतो, तुमच्यावर माझा विश्वास नाही. नाहीतर याहून वाईट, मीच कुठेतरी जाते. हे वाक्य उच्चारायची हिंमत मला माझ्या घरात झाली असती का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे.

मग तिची लागण उघड कधी होते? पोटुशी असताना. गरोदर बाईचं रक्त तपासलं जातं आणि ते तपासलंच पाहिजे. बाधित आईला औषधं वेळेत मिळाली तर बाळ बहुतेक वेळा लागणीपासून वाचतं, आणि ही आधुनिक वैद्यकाने दिलेली फार मोठी देणगी आहे. पण या वाटेने जाताना घरात सगळ्यात आधी बाईचं रक्त तपासलं जातं. नवऱ्याला त्याच्या कितीतरी आधी लागण झालेली असेल, पण कागदावर पहिलं नाव तिचं येतं. नवऱ्याला साधारणपणे बोलावलं जातं ते तिचा रिपोर्ट आल्यावर. तोवर घरात निकाल लागलेला असतो, की हिनेच आणला. माझ्यासमोर बसलेली एक बाई रिपोर्ट ऐकून रडली नाही. तिने फक्त विचारलं, ‘मॅडम, माझ्याआधी त्यांची तपासणी करता आली नसती का?’ तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. करता आली असती.

इथे लगेच कुणीतरी म्हणतं, मग लग्नाआधीच दोघांची चाचणी सक्तीची करा. ही मागणी अधूनमधून वर येते आणि ऐकायला न्याय्य वाटते. ती मला मान्य नाही. लागण झाल्यानंतरचा काही काळ चाचणीत काही दिसत नाही. शिवाय चाचणी लग्नाच्या दिवसापुरतीच खरी असते, आणि पुष्कळ बायकांना लागण होते ती लग्नानंतर, नवरा कामाधंद्यासाठी बाहेरगावी राहू लागल्यावर. एका सर्टिफिकेटने दोन्ही घरं निश्चिंत होतील आणि पुढची वीस वर्षं कुणी काही विचारणार नाही. आणि सक्तीचा इतिहास आपल्याजवळच आहे. गोव्यात १९८९मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला रक्तदानानंतर लागण आढळली म्हणून पोलिसांनी नेलं आणि क्षयरोग्यांच्या रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवलं. त्याच्या आईला, ल्युसी डिसोझा यांना, उच्च न्यायालयात जावं लागलं. अशा भीतीपोटी माणसं तपासणीपासून लांब पळतात, आणि त्याचा भार शेवटी घरातल्या बाईवर पडतो.

२०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला, तो या बाबतीत बराच शहाणा आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, माहिती फोडायची नाही, सामायिक घरात राहण्याचा हक्क काढून घेता येत नाही. जोडीदाराला लागणीचा खरा धोका असेल तर समुपदेशनानंतर त्याला सांगण्याची मुभा कायदा देतो. पण सांगितल्यामुळे, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, मारहाण होईल किंवा तिला टाकून देतील अशी वाजवी भीती असेल तर सांगायचं नाही, हेही त्यात लिहिलं आहे. ज्यांनी हे कलम लिहिलं त्यांना घर म्हणजे काय ते माहीत होतं. मात्र ही माहिती गावातल्या किती बायकांपर्यंत पोचली? नवरा गेल्यावर सासरच्यांनी बाहेर काढलेल्या बाईला ‘हे घर तुझंही आहे, तसा कायदा आहे’ असं सांगणारं तिच्या ओळखीचं माणूस लागतं. चाचणी केंद्रातली समुपदेशक महिन्यातून एकदा भेटते. आणि सासू रोज घरात असते.

विज्ञानाने आता बाईच्या बाजूने बरंच काही आणून ठेवलं आहे. २०११मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यात पुणे आणि चेन्नईची केंद्रंही होती, बाधित जोडीदाराला लवकर औषधं सुरू केल्यास दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते असं दिसलं. पुढच्या अभ्यासांनी हे आणखी पक्कं केलं. नियमित गोळ्यांमुळे रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला की शरीरसंबंधातून लागण होत नाही. नवऱ्याच्या गोळ्या हेच बायकोचं कवच, ही गोष्ट एचआयव्हीची औषधं देणाऱ्या प्रत्येक एआरटी केंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवी. लागण नसलेल्या स्त्रीने स्वतः घ्यायची औषधंही आली. आफ्रिकेत तरुण स्त्रियांना रोजची गोळी देऊन पाहिली तेव्हा एका मोठ्या चाचणीत बहुतेकींनी ती घेतलीच नाही, असं त्यांच्या रक्तावरून दिसलं. गोळी सापडली तर घरात काय सांगायचं, हा प्रश्न त्यांतल्या अनेकींना होता. मग २०२४मध्ये लागण रोखणाऱ्या लेनाकापाविर या इंजेक्शनच्या चाचणीचे निकाल आले. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात २१३४ स्त्रियांना वर्षातून दोनदा हे इंजेक्शन दिलं गेलं आणि त्यांच्यातल्या एकीलाही लागण झाली नाही. मी तो आकडा दोनदा वाचला. ज्या कंपन्यांना हे औषध स्वस्तात बनवायचा परवाना मिळाला त्यांत भारतीय कंपन्या आहेत, पुण्याचीही एक आहे.

हे इंजेक्शन भारतातल्या बायकांना मिळावं असं मला मनापासून वाटतं. पण ते कुणाला द्यायचं हे ठरवायला पुन्हा तीच यादी काढली जाईल, आणि पुन्हा बायको त्या यादीत नसेल. शिवाय चोरून घेतलेल्या संरक्षणाने बाई वाचते, पण तिला मागता येत नाही ही परिस्थिती तशीच राहते. वाचणं आधी, हे मला मान्य आहे. पण तेवढ्यावर थांबणं मान्य नाही.

तर मग काय? दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो भागातल्या खेड्यांत एक प्रयोग झाला, २००६मध्ये त्याचे निकाल आले. गरीब बायकांचे गट करून त्यांना छोटी कर्जं द्यायची, आपल्या बचत गटांसारखीच, आणि परतफेडीच्या बैठकीतच शरीर, नवरा, मारहाण, एचआयव्ही यांवर बोलायचं. दोन वर्षांत या बायकांवर जोडीदाराकडून होणारी हिंसा ५५ टक्क्यांनी घटली. गावातल्या लागणीचं प्रमाण मात्र त्या काळात कमी झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पुढे याच प्रयोगाची तुलना नुसती कर्जं देणाऱ्या गावांशी केली तेव्हा दिसलं की एकट्या पैशाने घरची परिस्थिती सुधारते, हिंसा कमी होत नाही. बोलणं लागतंच. कंपालामधल्या दुसऱ्या एका कामात वस्तीतले सामान्य पुरुष आणि बायका, दोघांनाही कार्यकर्ते केलं गेलं. बायको शरीरसंबंधाला नाही म्हणू शकते, हे मान्य करणारे तिथे वाढले, आणि त्यांत पुरुषही होते.

आपल्याकडे बचत गटांचं जाळं आहे, महिला आर्थिक विकास महामंडळाचं म्हणजे माविमचं आहे, ‘उमेद’ अभियानाचं आहे. गावोगावी आशाताई आहेत. बैठका होतात, पापडाचा, शेळीचा, हप्त्याचा हिशोब होतो. तिथे हा विषय निघत नाही, कारण तो काढायला कुणी शिकवलेलं नाही आणि त्याचं मानधनही नाही. माझी पहिली मागणी एवढीच आहे की तो निघावा. एड्सदिनाच्या प्रभातफेरीने ते होत नाही. त्याच दहा-बाराजणी वर्षभर एकमेकींसमोर बसतात तिथेच तो निघायला हवा.

याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला नेहमी अस्वस्थ करतो. समुदाय, समुदाय आपण म्हणतो, पण गाव म्हणजेच तर बाईला वाळीत टाकणारं. बचत गटात तिची जाऊ असते, चुलत सासू असते. तिथे बोललेलं संध्याकाळी पारावर पोचतं. खरं आहे. वॅम्पच्या बाया समुदाय होऊ शकल्या कारण त्या सगळ्यांचं दुखणं एक होतं आणि लपवण्यासारखं एकमेकींपासून काही उरलं नव्हतं. गृहिणी मात्र घराघरांत वाटली गेलेली असते. म्हणून गटात कुणाचंही नाव, कुणाचाही रिपोर्ट यायचाच नाही. तिथे फक्त सगळ्याजणींना लागू असलेलं बोलायचं, नकार, दारू, मारहाण, निरोध, तपासणी कुठे होते, कायदा काय म्हणतो. आणि खरी गोष्ट जिथे सांगता येईल ती जागा वेगळी हवी, म्हणजे एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे जिल्ह्याजिल्ह्यांतले गट. या गटांतल्या विधवा बायांनी स्वतःचं घर, जमीन, औषध यांसाठी जे झगडे दिले त्यांच्याइतकं अनुभवाचं भांडवल कुठल्याच अधिकाऱ्याकडे नाही. त्यांना प्रवासखर्चावर राबवण्याऐवजी पगारी काम द्यायला हवं.

दुसरी मागणी पुरुषाबद्दल. बायकांनी कितीही गट केले तरी मालक त्या बैठकीत नसतो. ऊसतोडीत एक शब्द आहे, कोयता. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. मुकादम उचल देतो ती जोडप्याला, मजुरी मोजतो ती जोडप्याची. बीडहून, मराठवाड्याच्या इतर भागांतून निघालेली ही जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सहा-सहा महिने कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात. कामासाठी आपण या दोघांना एक धरतो, त्यात बाईची मजुरी नवऱ्याच्या हातात जाते आणि त्यावर बोलायचं तेवढं थोडं आहे. पण आरोग्याच्या वेळी मात्र आपण फक्त बाई मोजतो, तिचं पोट, तिचं रक्त, तिची पिशवी. नवऱ्याच्या नावाचा एकही आरोग्याचा कागद त्या कोपीत नसतो. गळीत हंगामात कारखान्याच्या तळावर शिबिर घ्यायचं तर दोघांचं घ्या. रक्तदाब, साखर, क्षय, गुप्तरोग आणि एचआयव्ही, सगळं एकत्र, म्हणजे रांगेत उभं राहिलेल्या कुणाकडे बोट दाखवलं जाणार नाही. निकाल ज्याचा त्याला, वेगवेगळा.

आणि गरोदर बाईबरोबर नवऱ्यालाही पहिल्याच भेटीत बोलवा, तिचा रिपोर्ट यायच्या आधी. निमंत्रण द्या, अट घालू नका. अट घातली तर टाकलेली, विधवा, एकटी आणि मार खाणारी बाई दारातूनच परत जाईल, आणि तिलाच आपली सगळ्यात जास्त गरज आहे. तिला आधी एकटीला आत घेऊन विचारायचं, यांना बोलवू का? ती नाही म्हणाली तर नाही.

नवरे येत नाहीत, असं मला पुष्कळ वरिष्ठांनी सांगितलं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची तपासणी असते. त्या दिवशी कुठल्याही ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकाबाहेर जाऊन बघा. मोटारसायकली लावलेल्या असतात. बायकोला मागे बसवून बारा-पंधरा किलोमीटरवरून आणलेले पुरुष कडुनिंबाखाली, चहाच्या टपरीवर, दोन-दोन तास उभे असतात. कुणी मोबाइल बघत असतो, कुणी मोठ्या पोराला कडेवर घेऊन फिरवत असतो. मी काम केलं तिथेही ते असेच उभे असायचे, माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसायचे. इतक्या वर्षांत आम्ही त्यांच्यापर्यंत एक टेबल आणि एक पुरुष आरोग्यसेवक नेऊन ठेवला नाही.